पुठ्ठ्यावर आला त्याला ताल

शहाण्णव सालच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी पावणेचारच्या सुमाराला, नगरमधल्या एका नाट्यगृहात, भरल्या खुर्च्यांसमोर एका माणसावर अन्याय झाला. तो माणूस बैलांची शिंगं साळायचा आणि रंगवायचा. त्याच्या मंडळाचं नाव एकांकिका स्पर्धेच्या यादीतून लाल पेनने खोडण्यात आलं. शेजारी कारण लिहिलं: परीक्षकांची जाहीर टिंगल. हे कारण खोटं आहे. मी तिथेच होते, रंगमंचावर, त्याच्यापासून दोन हातांवर.

हे आधी सांगून टाकते. मला पत्रकं लिहायची सवय आहे, आणि पहिल्या ओळीत मुद्दा दिसला नाही तर लोक पत्रकाची पुडी करून त्यात शेंगदाणे घेतात.

त्या माणसाला बक्षीस नको होतं. त्याला हवी होती आमच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या सभागृहाची किल्ली. सरपंच म्हणाले होते, "तुमचं मंडळ नाटकाचं हाय असा एक कागद आना, किल्ली घेऊन जा. न्हाईतर उद्या कोनीबी येऊन म्हनंल, मला उड्या मारायला हॉल द्या." म्हणणं चुकीचं नव्हतं. स्पर्धेत भाग घेतला की समिती प्रमाणपत्र द्यायची, पहिले या नाहीतर शेवटचे या. अर्धा तास नाटक करायचं, कागद घ्यायचा, किल्ली घ्यायची, डोक्यावर छप्पर. एवढंच होतं. तेवढंसुद्धा मिळालं नाही.

आता तो माणूस कोण ते सांगते.

गावात त्याला सगळे पेंटर म्हणायचे. आमचं गाव घोडेगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाजाराच्या दिवशी हा पहाटेच्या गाडीने घोडेगावला जायचा. पिशवीत धारदार पटाशी, काचेचे तुकडे, हिंगुळाची पुडी आणि रंगाचा एक रिकामा डबा. विकायला आलेल्या बैलाची शिंगं साळून गुळगुळीत करायची, मग रंग द्यायचा. बाजार नसेल तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या नखांतला लाल रंग मी कधी गेलेला पाहिला नाही. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते मळले की धुवायचा नाही, वरून पांढरा ऑइलपेंट मारायचा. थरावर थर चढून ते बूट इतके कडक झाले होते की काढून ठेवले तरी पाय आत असल्यासारखे उभे राहायचे.

गावात तोंडओळख होती, पण आमची पहिली खरी भेट म्हणजे भांडण. मी तेव्हा नगरला कॉलेजात होते, एका विद्यार्थी संघटनेत, आणि रोजगार हमीच्या कामावर बायकांना कमी मजुरी देतात म्हणून बाजारात पत्रकं वाटत होते. याच्या हातात एक दिलं. याने ते बघितलं, घडी घातली आणि त्याला ब्रश पुसला.

"अहो! वाचा तरी!"

"वाचलं की. दोनदा." त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "खरं हाय तुमचं. पन बाई, वाचताना पाय हालत न्हाई."

"पाय कशाला हलायला पाहिजे? डोकं हललं पाहिजे."

"बाजारातला मानूस उभ्यानं वाचतो. पाय हालला तर थांबतो. न्हाई हालला तर चालू लागतो. बघा मागं."

मी मागे बघितलं. माझी पत्रकं घेतलेले लोक खरोखरच चालू लागले होते. काही पत्रकं तर त्यांच्या आधीच जमिनीवर पोचली होती.

मग त्याने ती लाल डाग पडलेली घडी उलगडली, एक पाय बैलाच्या दाव्यावर ठेवला आणि तोंडाने आवाज काढायला लागला. धुम्, चिक्, धुम् धुम्, चिक्. जिभेने, ओठाने, गालाने. मधेच रंगाच्या डब्यावर बोटं. आणि त्यावर माझंच पत्रक म्हणायला लागला. मी लिहिलेली लांबलचक वाक्यं त्याने कोयत्याने उसाची कांडी करावीत तशी तोडली. "खोरं तेच, खड्डा तोच, मजुरी का न्हाई तीच?" हे एवढं माझ्या तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी गाडलं गेलं होतं. दलाल थांबले. शेळ्या घेऊन आलेल्या बायका थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यो तर आमच्या मुकादमाचंच सांगतोय." एवढे लोक माझ्या पत्रकाभोवती कधीच जमले नव्हते. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मला राग आला. म्हणजे मी दोन वर्षं काय करत होते?

"काय पत्रकबाई," तो म्हणाला, "पुढच्या बाजाराला कुनाचा निषेध? आधी सांगा, म्हंजे जीभ मोकळी करून ठेवतो."

तेव्हापासून मी पत्रकबाई. नाव कायमचं चिकटलं आणि मीही.

हा तोंडाचा ताल कुठून आला, तर बैलांपासून. शिंग साळताना बैल मान झटकतो. मान झटकली की पटाशी शिंगात रुतते, कधी माणसाच्या हातात. इतर जण बैलाला वेसण घट्ट करून धरतात. पेंटरला ते आवडायचं नाही. तो बैलाच्या कानाशी धुम् चिक् सुरू करायचा आणि बैल डोळे अर्धे मिटून उभा राहायचा. घोडेगावच्या बाजारात मारक्या बैलाची शिंगं साळायची तर लोक त्यालाच शोधत यायचे.

नाच आला व्हिडिओ सेंटरमधून. नव्वदच्या आसपास गावोगावी ब्रेकडान्सची साथ आली होती, आठवत असेल तुम्हाला. गणपतीत प्रत्येक आळीत एक जण विजेचा झटका बसल्यासारखा हात करायचा. दोन वर्षांत साथ ओसरली. याची ओसरली नाही. पण त्याचं शिकवणं मात्र बाजारातलंच. नवीन कोणी मंडळात आलं की त्याला म्हणायचा, "चालून दाखव." मुलगा फिल्मी स्टाइलने दोन झटके देऊन दाखवायचा. "नाच न्हाई मागितला. चाल. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग चाल बघतं. दात समदेच दाखवत्यात." मग तासभर नुसतं चालवायचा. कोणता पाय आधी पडतो, खांदा कुठे अडतो, सगळं बघायचा. त्या माणसाच्या चालण्यातली जी खोड असेल तोच त्याचा नाच. मी चालते तेव्हा म्हणे मान पुढे असते आणि पाय मागून धावत येतात. "तुमी भाषणाच्या मागं धावताय," तो म्हणाला. माझा नाच त्याने त्यातूनच बसवला: मान थांबलेली, पाय पळताहेत. लोक हसायचे. माझ्या आईने बघितलं तेव्हा ती हसली नाही, म्हणाली, "ही अशीच चालते की घरात."

आणि पुठ्ठा. नगरच्या एका दुकानातून फ्रीजचे रिकामे खोके आणायचे, उलगडायचे, जोडायचे, त्यावर नाचायचं. पाठीवर फिरायला, डोक्यावर फिरायला पुठ्ठ्यासारखं दुसरं काही नाही. खोके आणायचं काम भिंगरीचं. भिंगरी म्हणजे आमच्यातला डोक्यावर गरागरा फिरणारा. घरचा बागायतदार, दुधाचा टेम्पो चालवायचा. घरी ठाऊक नव्हतं. त्याची आई सगळ्यांना विचारत फिरायची, "आमच्या पोराच्या टाळूवरचेच केस का ओ जात्यात?"

या पुठ्ठ्याचा एक नियम होता आणि तो पेंटरच्या लेखी नाटकापेक्षा मोठा होता. पुठ्ठ्यावर जो पाय ठेवील त्याला बोलू द्यायचं, आणि तो बोलेल त्याला ताल द्यायचा. कोण आहे, काय बोलतो, हे बघायचं नाही. रस्त्यावर नाटक चाललेलं असताना कोणीही यायचं. एकदा एक दारुडा येऊन बायकोवरचा राग काढायला लागला. पेंटरने ताल दिला. तालावर बोलता बोलता तो रडायला लागला, मग म्हणाला, "चूक माझीच हाय च्यायला," आणि उतरून गेला. एकदा एक पुढारी आमच्यावरच तोंडसुख घ्यायला चढला. मी त्याला खाली ओढायला निघाले. पेंटरने माझं मनगट धरलं.

"भाऊ, तो आपल्याला शिव्या देतोय!"

"पुठ्ठ्यावर हाय ना? मग देऊ द्या. ताल चुकवू नका."

"आणि खाली उतरल्यावर?"

"खाली उतरल्यावर तुमचं पत्रक हायेच की."

मला हे पटायचं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण त्याने आयुष्यात हा नियम एकदाही मोडला नाही, आणि त्या नियमानेच त्याचा घात केला.

त्याआधी हलगीचं सांगायला पाहिजे.

लोक नेहमी म्हणायचे, "पेंटर, तोंड कशाला दुखवतो? हलगी घे की." तो हसून विषय बदलायचा. मी एकदा त्याच्या घरी गेले होते. घर बौद्धवाड्यात, दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. त्याची आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "आई, तुमच्या घरात हलगी असेल ना? भाऊंनी ती घेतली तर काय मजा येईल!"

तिचा हात थांबला.

"हुती," ती म्हणाली. "ह्याचा बाप लई नादर वाजवायचा. गावात कोनाचं लगीन, कोनाचं मढं, पाटलाकडनं सांगावा आला की जायाचं. ऊन न्हाई, ताप न्हाई. जायाचंच. छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरी आला, सुरीनं चामडं फाडलं आन कडं आपल्या हिरीत टाकलं. लोखंडी हुतं. बुडूक वाजलं. मी तवा नवी नवरी. त्यो आवाज मला अजून ऐकू येतो पोरी. इतका ग्वाड आवाज त्या हलगीनं कधी काढला न्हवता."

 पत्रकात मी 'सामाजिक गुलामगिरी' हा शब्द पन्नास वेळा लिहिला असेल. त्या विहिरीत काय पडलं होतं ते मला त्या भाकरीच्या वासात पहिल्यांदा कळलं.

पेंटर नंतर म्हणाला, "बापानं हलगी सोडली. ताल न्हाई सोडला. मी भांडी वाजवली तरी हसायचा म्हातारा. म्हनायचा, वाजव, पन कोनी बोलवलं म्हनून न्हाई."

त्याची एक सवय होती, मला आधी वेडेपणा वाटायचा. दर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की तो काठावर पालथा पडून आत डोकावायचा. मी विचारलं, "काय बघता?"

"कडं दिसतंय का बघतो."

"काढायचंय?"

"छ्या! हाय तिथंच हाय ना, तेवढं बघतो."

'हिप-हॉप' हा शब्द मात्र माझा. कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात लेख सापडला: अमेरिकेत गरीब काळ्या वस्त्यांमधली मुलं रस्त्यावर पुठ्ठे टाकून नाचतात, तोंडाने ताल धरतात, त्यावर आपलं म्हणणं मांडतात. मी धावत बाजारात गेले. तो एका खिल्लाराच्या शिंगावर काच फिरवत होता. मी सगळा लेख मराठीत करून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं. मला वाटलं, विचारील कपडे कसे घालतात, गाणी कुठली लावतात.

त्याने विचारलं, "त्यांच्या बापांनी काय सोडलं हुतं?"

लेखात ते लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने पाटी रंगवली. बैलाच्या शिंगांसारखी वर वळलेली अक्षरं, हिंगुळी रंग: बाजारतळ हिप-हॉप नाट्य मंडळ. पाटी तयार, आता ती लावायची कुठे? मंडळाला भिंतच नव्हती. आम्ही सराव करायचो बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राच्या उघड्या ओट्यावर. दव पडलं की पुठ्ठा मऊ, पाऊस आला की पुठ्ठ्याचा लगदा. दर पावसाळ्यात चार महिने मंडळ बंद. चार महिन्यांत दोघं-तिघं गळायचे, कोणी कारखान्यावर, कोणी पुण्याला. दर दिवाळीनंतर पेंटर नव्याने "चालून दाखव" सुरू करायचा. फ्रीजच्या खोक्यावर छत्रीचं चित्र छापलेलं असतं, भिजू देऊ नका म्हणून. त्यावर बोट ठेवून तो म्हणायचा, "बघा, खोक्याची काळजी करनारा कोनीतरी हाय. मंडळाला छत्री कधी?"

म्हणून किल्ली. म्हणून कागद. म्हणून स्पर्धा.

नाटक होतं 'बाजार'. एका बाजूला बैल दाखवायला आणलाय, दुसऱ्या बाजूला मुलगी दाखवायला. दात बघतात, चाल बघतात, खोड विचारतात. बैल भिंगरी, मुलगी मी. वधूपिता बोट वर करतो, म्हणजे किंमत ठरली, आणि बैल डोक्यावर फिरायला लागतो. बोट वर, की भिंगरी डोक्यावर. महिनाभर आम्ही हेच घोटलं होतं.

दुधाच्या टेम्पोतून नगरला गेलो. अंगाला दुधाचा वास, डोक्याखाली पुठ्ठे. नाट्यगृह भरलेलं. आमच्या आधी दोन दिवाणखान्यांची नाटकं झाली, एकात टेलिफोन खोटा वाजला, एकात खरा. मग आम्ही. पडदा उघडला, पुठ्ठा दिसला, लोक कुजबुजले. पाच मिनिटांत कुजबुज थांबली. दहाव्या मिनिटाला टाळ्या पडायला लागल्या. मी मान थांबवून पाय पळवत होते आणि पहिल्या रांगेतली एक बाई तोंडावर पदर धरून हसत होती, मग हसायची थांबली. नाटक तिला लागलं होतं.

तेवढ्यात मुख्य परीक्षक उठले. निवृत्त प्राध्यापक, जिल्ह्यात त्यांच्या शब्दाला मान. बाजूच्या पायऱ्यांनी वर आले, मधोमध उभे राहिले. बूट पुठ्ठ्यावर.

"थांबवा हे!"

आम्ही थांबलो. ते प्रेक्षकांकडे वळले. शिकवण्यात आयुष्य गेलेलं, आवाज खणखणीत.

"हे नाटक आहे? संहिता नाही! संवाद नाही! नेपथ्य नाही! नाट्य नाही!"

मी पेंटरकडे बघितलं. त्याची मान हलली. देवाशपथ सांगते, त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मारक्या बैलाच्या कानाशी जो चेहरा असायचा तोच होता. आणि त्याने ताल दिला. धुम्, चिक्.

पुठ्ठ्यावर माणूस आला होता, बोलत होता. दुसरं काय करणार?

"अभिनय नाही!" धुम् चिक्. "आशय नाही!" धुम् चिक्. बाकीच्यांनीही सवयीने धरला. मी डब्यावर. नाट्यगृहात एक जण हसला, मग दहा, मग सगळे. लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले. परीक्षक गडबडले, भरभर बोलायला लागले, आम्ही ताल भरभर केला, बोलणाऱ्याला मागे टाकायचं नाही हा नियम. शेवटी ते संतापले आणि त्यांनी बोट वर केलं.

भिंगरी डोक्यावर गेला.

त्याचा काय दोष? बोट वर झालं होतं. परीक्षकांच्या पायाशी तो गरगर फिरायला लागला आणि नाट्यगृह फुटलं. शिट्ट्या, आपटणाऱ्या खुर्च्या, उडणाऱ्या टोप्या. परीक्षक खाली उतरले आणि यादीतल्या आमच्या नावावर लाल पेन फिरवलं, तेव्हा त्यांचे कान लाल होते, पेंटरच्या नखांइतके.

लोकांच्या त्या हसण्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. दुसऱ्याच दिवशी मी पत्रक काढलं. मथळा: 'हिप-हॉपवाल्यांनी परीक्षकांची भर सभेत जिरवली!' स्टेन्सिल कापली, प्रती काढल्या, डझनभर नाट्यगृहाच्या भिंतीवर चिकटवल्या आणि उरलेला गठ्ठा मोठ्या दिमाखात पेंटरकडे घेऊन गेले.

त्याने एक वाचलं. दोनदा वाचलं. पाय हलला नाही.

"हे कुनी लिहिलं?"

"मी."

"तू तिथं न्हवतीस का?"

आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो करायचो. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला.

"जिरवली कुनी? मी ताल दिला. मानूस आपल्या पुठ्ठ्यावर आला, तेबी मोठ्या मानसानं आपनहून पाय ठिवला. आन काय ठेक्यात बोलत हुते! न्हाई, न्हाई, न्हाई. मला तर वाटलं, ह्यांना पुढच्या नाटकात घ्यावं. लोक हसले तवा मला वाईट वाटलं. आन तू लिव्हतीस जिरवली."

"पण भाऊ, त्यांनी आपलं नाटक बंद पाडलं! अन्याय केला!"

"केला की. त्यो लिव्ह. न केलेलं कशाला लिव्हतीस?"

आम्ही फेरविचाराचा अर्ज केला. सगळं खरं लिहिलं: नियम, ताल, बोट. उत्तर आलं, नामंजूर. "सदर मंडळाने टिंगल केल्याचे त्यांच्याच पत्रकावरून सिद्ध होते. पुरावा सोबत जोडला आहे." सोबत माझं पत्रक. मागच्या बाजूला नाट्यगृहाच्या भिंतीची खळ अजून चिकटलेली.

त्याने ते उत्तर घडी करून खिशात ठेवलं.  उरलेल्या गठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर त्याने वर्षभर ब्रश पुसले.

महिन्याभराने समितीचे कार्यवाह, स्वतः हौशी नट, स्कूटरवरून घोडेगावच्या बाजारात आले. माणूस चांगला होता, आणि मला राग येतो तो याचाच. चांगल्या मनाने आला होता.

"हे बघा पेंटर, मार्ग निघतो. तोंडाचं ते सोडा, ते परदेशी वाटतं. तुमच्या समाजात हलगी काय सुंदर वाजवतात! हलगी घ्या, चार जण घोंगड्या पांघरून मागे उभे करा. लोककला विभागात मी स्वतः तुमचं नाव घालतो. टिंगल केल्याबद्दल दोन ओळी माफीच्या लिहून द्या. प्रमाणपत्र घरपोच."

किल्ली. छप्पर. चार महिने न गळणारं मंडळ. सगळं त्या स्कूटरवर बसून आलं होतं.

पेंटरचा ताल थांबला. बैलाने कान हलवले.

"साहेब, तुमचे वडील काय करायचे?"

"शिक्षक होते. का?"

"मंग तुमी नाटकात दर बारीला शिक्षकच व्हता का?"

"छे! जे पात्र असेल ते."

"मलाबी तेच पायजे."

कार्यवाहांनी स्कूटरच्या सीटवरची धूळ झटकली. मग हळूच म्हणाले, "आणि माफी?"

"केलं न्हाई त्याची मागितली, तर ते खोटं हुईल. मंग त्या खोट्याची माफी कुनाकडं मागू? त्यापरास एक करा. प्राध्यापक साहेबांना सांगा, परत या. पुठ्ठा मोकळाच हाय. नाटक का न्हाई ते समदं बोलू द्या त्यांना, आमी ऐकतो. ताल मात्र द्यावाच लागंल, त्याला माझा विलाज न्हाई."

कार्यवाहांना हसू आवरलं नाही. निघताना त्यांनी त्याला नमस्कार केला. कागद मात्र आला नाही.

आज अठ्ठ्याण्णव सालचा मे चालू आहे. मंडळ अजून त्याच ओट्यावर आहे. भिंगरीचं लग्न झालं, टक्कल त्याच्या बायकोला आता कारणासकट ठाऊक आहे. पाटी पेंटरच्या घरात, चुलीच्या धुराने काळवंडते आहे. विहीर तळाला गेली आहे, आणि तो परवा काठावर पालथा पडून बघून आला. कडं आहे तिथेच आहे. यंदा समितीने जुन्या निकालांवर हरकती मागवल्या आहेत. मी विचारलं, "भाऊ, पत्रक काढू?"

"काढा," तो म्हणाला. पुन्हा अहो-जाहो. "खरं लिव्हा, तेवढंच करायचं. आन पाय हालू द्या जरा."

म्हणून हे लिहिलं. समितीला पहिलं पोस्टकार्ड मी टाकलं आहे: 'जिरवली हे मी लिहिलं, ते खोटं होतं, त्याने कोणाचीही टिंगल केली नाही.' खाली माझी सही आहे.

आता तुमचं. त्या शनिवारी त्या नाट्यगृहात तुम्ही होतात. पहिल्या रांगेत होतात, बाल्कनीत होतात, दाराशी उभे होतात. मंचावरच्या आम्हा सहा जणांपैकी एकही हसला नाही. हसलात तुम्ही. शिट्ट्या मारल्यात तुम्ही. शिक्षा भोगतो आहे तो, ज्याने फक्त ताल दिला. तुमच्या हसण्याचं ओझं त्याच्या डोक्यावर दीड वर्ष आहे, आणि डोक्यावर छप्पर नाही.

पोस्टकार्ड घ्या. आत्ता घ्या. त्यावर एकच ओळ लिहा: 'हसलो मी होतो.' नाव घाला, गाव घाला, सही करा. आणि मृगाच्या आत पेटीत टाका. पुठ्ठा भिजतो.